अब्बांचा बाज

४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अब्बांना इस्पितळातून घरी आणलं. उजवा हात-पाय अजून लुळाच आहे, पण चमच्याने भरवलं की खातात. शिलाई मशीन मी त्यांच्याच खोलीत हलवलंय. त्याचा आवाज थांबला की डोळे उघडून बघतात, मालक कामचुकार गड्याकडे बघतो तसे.

वाचा मात्र गेली. एवढी वर्षं कॉलेजात फारसी शिकवली, बोलायला लागले की थांबायचं नाव नाही, आणि आता एकच शब्द उरलाय: बाज. आधी वाटलं, बाजू बदलायची आहे. कुशीवर वळवलं तर कपाळाला आठ्या. मग वाटलं, लोखंडी पलंग नको, विणलेली बाज हवी. शेजाऱ्यांच्या माळ्यावरची उतरवून आणली, झटकली, गादी घातली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला हसू आलं, मग रडूही.

तू त्यांच्याजवळ शिकलीस, मी कापड कापत राहिले. तुला काही उमगतं का? तू मनासारखं लग्न करून गेलीस तेव्हापासून सहा वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, हे विसरले नाहीये. तरी विचारते.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी आपा

११ मार्च

ती. आपास सलाम. वि. वि.

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरातच बसून राहिले. त्या बाजेचं वाचून आधी मीही हसले.

अब्बांची ती बाज नव्हे, तो बाज. ससाणा. सूफींच्या ग्रंथांत आत्मा म्हणजे देहाच्या पिंजऱ्यात अडकलेलं पाखरू, हे तूही त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंयस. पण ते वर्गात सांगायचे, तिथे प्रत्येक पाखराचा स्वभाव निराळा. बुलबुल गुलाबावर जीव जडवून बसतो, पुढे निघायचं नाव घेत नाही. हुदहुद इतरांना वाट दाखवतो. आणि बाज राजाच्या मनगटावरचा. कितीही लांब गेला, तरी राजाचा नगारा ऐकला की हातची शिकार टाकून मागे फिरतो. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

म्हणून भीती वाटते. त्यांना नगारा ऐकू येतोय का ग? आपल्याकडून निघायची परवानगी मागताहेत का?

आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. फारसीत बाज म्हणजे ‘परत’ असाही अर्थ होतो. पण मला त्यांनी पुन्हा पाऊल ठेवू नकोस म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तो अर्थ स्वतःला लावून घेणं आगाऊपणाच.

तरी शनिवारी निघते आहे. रागावले तर तुझ्या मशीनमागे लपेन.

तोवर त्यांना आणि स्वतःला सांभाळ.

तुझीच धाकटी

२० मार्च

आमच्या धाकट्या जावयांस सलाम. वि. वि.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा मायन्यापाशीच अडखळले.

धाकटी सुखरूप पोचली. दारातच थांबली, आत येईना. अब्बांनी पाहिलं आणि तोच शब्द म्हणाले. तिने जवळ जाऊन विचारलं, निघायची घाई झाली आहे का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुढचं विचारायची तिची हिंमत होईना, म्हणून मी विचारलं, हिलाच परत बोलवत होता का. त्यांनी डावा हात पुढे केला आणि मनगट वाकवून तसाच धरून ठेवला. तिने त्यावर आपला हात ठेवला तेव्हा कुठे तो खाली आला.

आता ती त्यांचे जुने पाठ वाचून दाखवते. उच्चार चुकला की ते चादरीवर बोट आपटतात. फार आशा धरू नका, असं डॉक्टर सांगतात. दिवस मात्र चांगले चाललेत.

लिहायचं कारण वेगळंच. काल त्यांनी पलंगाजवळची दुसरी खुर्ची ओढून घेतली. मी तिच्यावर शिवायचे कपडे ठेवले, तर ढकलून दिले. धाकटी बसायला गेली, तर तिला जुन्याच जागी पाठवलं. मग तिच्या बोटातल्या अंगठीवर टिचकी मारली आणि दाराकडे बघत राहिले. याला फारसी लागत नाही, मलाही समजलं.

तुमच्यामागे लिफ्ट दुरुस्तीची कामं असतील. ती कुणावर तरी सोपवा आणि या. आज डॉक्टर आले तर त्यांनाही अब्बांनी तिथे बसू दिलं नाही.

घर तुमचंच समजावं.

तुमची मोठी मेहुणी