चिंचेनं घासलेलं फुलपात्र

अण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा तब्येतीची चौकशी करत नाही. मी सिंगापुरात असतो. क्वीन्सटाउनला जुन्या इमारतीत बाराव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे आणि रॅफल्स प्लेसला एका बँकेचे संगणक सांभाळणाऱ्या माणसांवर मी लक्ष ठेवतो. 'हा दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवून पोट भरेल,' असं तुम्ही मी आठवीत असताना चारचौघांत म्हणाला होतात. तुमची एवढी एक भविष्यवाणी तंतोतंत खरी ठरली. संस्कृत शिकून मी माणूस होईन, ही दुसरी अजून विचाराधीन आहे.

रविवारी मात्र मी स्वतःच्या हातानं काम करतो. सेम्बावांगकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांची छावणी होती, त्या जागेवर आता इमारती उठणार आहेत. त्याआधी रीतसर परवानगी काढून आम्ही पाच-सहाजण धातू शोधायचं यंत्र जमिनीवरून फिरवत हिंडतो. यंत्र कुईं करतं, आम्ही गुडघे टेकतो, खुरप्यानं माती उकरतो. बटणं मिळतात, चमचे मिळतात, एकदा दाढीच्या वस्तऱ्याची डबी मिळाली. तोफाबंदुकांत आम्हाला रस नाही, माणसाच्या खिशातलं आणि झोळीतलं जे असेल ते हवं. आमचे म्होरके गोदीतून निवृत्त झालेले एक चिनी गृहस्थ आहेत, सगळे त्यांना अंकल म्हणतात. त्यांचा नियम एकच. "नो वॉशिंग, नो रबिंग, ओके? फोटो, बॅग, फिनिश." वस्तू निघेल तशी, चिखलासकट पिशवीत जायची. तुमचं आणि त्यांचं एक दिवसही पटलं नसतं.

आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारातली ती मोरी मला अजून दिसते. मी अकरा वर्षांचा आहे. समोर ताम्हन, पळी, पंचपात्र, दोन समया, आणि हातात चिंचेचा गोळा. तुम्ही सोवळं नेसून येता, ताम्हन खिडकीशी धरता आणि म्हणता, "यात माझं तोंड दिसत नाही." मी पुन्हा घासतो. तुमचं तोंड दिसेपर्यंत घासायचं आणि मग ते पाहायचं, अशी ती दुहेरी शिक्षा होती. त्या वर्षी संस्कृत पाठांतरात जिल्ह्यात पहिला आलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "उच्चार बरे आहेत. समईच्या खाचेत काळं राहतं तेवढं बघ." देवाची उपकरणी झाली की घरातली पितळी भांडीही माझ्याकडेच. आईनं माहेरून आणलेल्या वाट्यांवर तिचं माहेरचं नाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं होतं. वर्षागणिक ते फिकट होत गेलं. एकदा मीच घाबरून तिला म्हटलं, "आई, तुझं नाव जातंय." ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जाऊ दे. लग्नात यांनी एकदा बदललंच आहे. तू घास, नाहीतर तुला बोलतील." तुम्ही ओसरीवर होता. ऐकलं असणार.

हे सगळं आज उकरायचं कारण सांगतो. दोन महिन्यांपूर्वी एका झाडाच्या मुळांखाली मला एक फुलपात्र सापडलं. पितळी, एका बाजूनं चेपलेलं, हिरवंकाळं पडलेलं. अंकलना तो कप वाटला. पण मला पाहताक्षणी कळलं की हे बाळगणारा आपल्याकडचा कुणीतरी होता. काठाखाली खिळ्यानं ओरखडल्यासारखी देवनागरी अक्षरं होती, चार किंवा पाच. पहिला 'ग' असावा, पुढचं त्या हिरव्या थरात बुडालेलं. पाऊस येऊ घातला होता, फोटो काढला तो धुरकट आला, अक्षरं त्यात उमटलीच नाहीत. अंकल म्हणाले, "यू ओन्ली कॅन रीड. टेक होम, नेक्स्ट वीक ब्रिंग. बट डोन्ट वॉश, हां?" मी मान डोलावली. इतक्या वर्षांत कुणीतरी माझ्या शिक्षणाचा उपयोग आहे म्हणून विश्वास टाकला होता.

घरी आलो. दुपारचे तीन वाजले होते. फुलपात्र ओट्यावर ठेवलं आणि वाचायला लागलो, पण मातीमुळे नीट दिसेना. थोडं पुसू म्हटलं. फडताळात चिंच होती. बस, एवढंच मला नीट आठवतं. चिंच, मीठ, अंगठ्यानं काठाखालून गोल गोल. अण्णा, मी विचार करत नव्हतो. लेक खोलीतून बाहेर आली, म्हणाली, "बाबा, सो शायनी लाह!" आणि मला बरं वाटलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बरं वाटलं. मग मी अक्षरं शोधली. ती त्या थरातच होती, थरासकट गेली. पितळेवर एक ओरखडाही शिल्लक नव्हता.

पुढच्या रविवारी अंकलनी ते हातात घेऊन बराच वेळ फिरवलं. "यू वॉश."

"थोडं पुसलं, अंकल."

"रायटिंग हॅव ऑर नॉट?"

मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ओके. यू से डोन्ट हॅव, मीन्स डोन्ट हॅव." आणि कार्डावर लिहिलं: पितळी भांडे, खुणा नाहीत.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. आम्हाला सापडलेल्या वस्तूंचे इंटरनेटवरचे फोटो नातवानं दाखवले म्हणून सातारा बाजूच्या एका बाईंनी लिहिलं आहे, ऐंशी ओलांडलेल्या. मराठीत आहे म्हणून अंकलनी माझ्याकडे दिलं. त्यांचे वडील छावणीत होते, परत आले नाहीत. त्यांना नावापुरतंच लिहिता येई, ते त्यांनी निघताना फुलपात्रावर खिळ्यानं घातलं होतं, असं आई सांगायची. 'मी त्यांचं अक्षर कधी पाहिलेलं नाही. असेल तर फोटो पाठवा, भांडं नको.' खाली वडिलांचं नाव आहे. 'ग'नंच सुरू होतं. आता मला आठवतो तो 'ग' भांड्यावरचा आहे की या पत्रातला, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

तुम्हाला दोष द्यायला बसलो होतो, आणि बराच दिलाही. पण चिंच तुम्ही घेतली नव्हती, आणि अंकलशी खोटंही तुम्ही बोलला नाहीत. खरं म्हणजे आज हे पान मी त्या बाईंना उत्तर लिहायला काढलं होतं. 'ती. आजी' एवढं लिहिलं, खोडलं, आणि वर तुमचं नाव घातलं. तुम्हाला काहीही कळवलं तरी तुम्ही उलट टपाली काही विचारणार नाही.