पाच गिअरची कॉन्टेसा

४ नोव्हेंबर, मंगळवार

अंबरनाथ एमआयडीसीच्या नाक्यावर स्टँडर्ड २०००! पंच्याऐंशी-शहाऐंशीची. चालती! मी रिक्षातून जवळजवळ उडीच मारली. रिक्षावाला ओरडला, "काका, मरायचंय काय?" गाडीमागे धावत तीन फोटो काढले. घरी आलो तर ही विचारते — "आणि रविवारच्या पाहुण्यांची मिठाई?" मिठाई रिक्षातच राहिली. खाल्ली असेल कुणीतरी सेकंड शिफ्टवाल्याने.

५ नोव्हेंबर

ही बोलत नाही. पोळ्या मात्र गरम मिळाल्या.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्राचीने शपथच घ्यायला लावली. रविवारी तिच्या ऑफिसातल्या सोहमच्या घरचे येणार. पोरांचं आधीच ठरलंय, आता फक्त साखरपुड्याची तारीख काढायची. "बाबा, गाड्यांचा विषय नाही. कुणी काढला तरी नाही! मागे मयताला गेलात तर तिथे शववाहिनीचं मॉडेल सांगत होतात."

अगं, सत्त्याण्णवची मॅटाडोर होती, लोक ब्याण्णव म्हणत होते. गप्प कसं बसणार? चाळीस वर्षं मॉडेल ओळखतोय, एकदाही चुकलेलो नाही. गर्व म्हणून नाही, रेकॉर्ड म्हणून लिहितोय.

९ नोव्हेंबर, रविवार

अरे देवा, कॉन्टेसातून आले!! उल्हासनगरहून थेट आमच्या हेंद्रेपाड्यात, पांढरीशुभ्र. सोहमचे वडील दिनानाथराव चालवत होते. शेजारी आजोबा, हिंदुराव — अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण बसणं एकदम ताठ.

पोहे होईपर्यंत मी गप्प. चहा होईपर्यंत गप्प. ही माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली होती. तेवढ्यात आजोबाच म्हणाले, "चौऱ्याऐंशीची गाडी हाय आपली. मी स्वतः शोरूममधनं चालवत आणली." मी बिस्कीट तोंडात कोंबलं.

निरोप द्यायला खाली गेलो. दिनानाथरावांनी गाडी चालू केली. मी सहज आत डोकावलो. गिअरच्या दांड्यावर आकडे — एक, दोन, तीन, चार, पाच! तोंडातून निघूनच गेलं. "आजोबा, ही चौऱ्याऐंशीची नाही हो! तिला चारच गिअर, आणि इंजिन ॲम्बेसेडरचं. पाच म्हणजे इसुझूचं इंजिन, नंतरचं मॉडेल. आवाज ऐका ना!"

दिनानाथरावांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. आजोबांनी चाचपडत खिडकीची काच वर केली. गाडी गेली. तारीख काढायची राहिलीच. ही गेटपाशी कपाळाला हात लावून उभी होती.

१० नोव्हेंबर

प्राचीकडून खरं कळलं. त्र्याण्णव साली आजोबा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन महिने हॉस्पिटलात होते. दिनानाथरावांनी न विचारता गाडी काढली आणि काटई रोडला नाल्यात घातली. ती गेली भंगारात. आजोबा घरी यायच्या आत यांनी तश्शीच पांढरी कॉन्टेसा शोधून दारात उभी केली. ऑपरेशन फसलेलं, आजोबांना दिसत नव्हतं. बत्तीस वर्षं कुणी बोललं नाही!

रोज संध्याकाळी आजोबा त्या गाडीत बसून चहा पितात. कालपासून बसलेले नाहीत. दिनानाथराव म्हणतात — आधी अण्णांचं, म्हणजे आजोबांचं मन, मग साखरपुडा.

"जा आणि सांगा, तुम्ही चुकलात," प्राची म्हणाली.

मी? चुकलो?

११ नोव्हेंबर

नाही सांगणार. पाच गिअर म्हणजे पाच गिअर!

१२ नोव्हेंबर

प्राची डबा न घेता गेली. डोळे सुजलेले. सकाळी खालून एक प्रीमियर पद्मिनी गेली. कुठल्या सालची, ते बघावंसंही वाटलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो उल्हासनगरला. आजोबा ओट्यावर बसलेले. समोर गाडी, कव्हर घातलेली. दिनानाथराव दाराची चौकट धरून उभे.

"आजोबा, माझंच चुकलं. गाडी चौऱ्याऐंशीचीच. मी रिव्हर्स धरून पाच मोजले."

हे शब्द माझ्या तोंडून! रिव्हर्स धरून म्हणे! ड्रायव्हिंग स्कूलमधलं पोरगंसुद्धा हसेल.

"आणि आवाज?" आजोबांनी विचारलं.

"ॲम्बेसेडरच्या इंजिनाचाच होता. मला भास झाला."

"कान तपासून घ्या," आजोबा म्हणाले. मग मोठ्याने — "दिनू, कव्हर काढ रे! चहा गाडीतच आण."

दिनानाथराव चहा आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मी परतीच्या रिक्षात स्वतःवर चडफडत बसलो होतो. चाळीस वर्षांचं रेकॉर्ड गेलं! पण घरी प्राचीने मिठी मारली, लहानपणी मारायची तशी. आता चिडावंसं वाटत नाही. खोटं बोलून इतकं बरं वाटतं, हे माहीतच नव्हतं.

१४ नोव्हेंबर

सकाळी सहाला आजोबांचा फोन. कुजबुजत.

"व्याही, कान शाबूत हायेत तुमचे. इसुझूच हाय. घरी आलो त्या दिवशी दिनूनं गाडी चालू केली, तेव्हाच कळलं. नाल्याचं तर हॉस्पिटलातच कानावर आलं होतं. पोरगं जितं राहिलं, गाडीचं काय घेऊन बसलाय! ह्या चार दिवसांत गाडीत बसलो असतो तर चहा घेऊन आला असता नि रडून सगळं बोलला असता तो, म्हणून बसलो नाही. साखरपुड्याला त्याच गाडीतनं येतो. कुणी विचारलं तर चौऱ्याऐंशीच सांगायचं — काय?"

हो म्हणालो.