बाहुलीचं पांघरूण

काळेवाडी

आई, जय भीम.

तू गेल्यापासून मैत्री एक शब्द बोलली नव्हती, म्हणून आज सुट्टी टाकून तिला दवाखान्यात लहान मुलांच्या विकास तपासणीला नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दिलेले ठोकळे तिने नीट रचले. मग त्यांनी बाहुली दिली. मैत्रीने ती झोपवली, डोक्यावरून पांघरूण घातलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"कोण झोपलंय गं?" मॅडमनी विचारलं.

"आजी," ती कुजबुजली. "पप्पा म्हणाले, बोलायचं नाही. उठेल."

त्या दिवशी घरात माणसं जमली होती, तेव्हा मी तसं म्हणालो होतो.

"आता तुम्हीच तिला खरं सांगा," मॅडम म्हणाल्या.

येताना ती खांद्यावरच झोपली. जागी झाली की सांगायचंय. तू उठणार नाहीस, हे मीही अजून तोंडाने म्हटलेलं नाही.

तुझा,
धम्मरत्न