उजेड अडवणारी चादर

अण्णा, आज संध्याकाळी आपल्या गल्लीची दिवाळीची मिरवणूक निघतेय आणि सगळ्यात पुढे तुमची चादर असणार आहे. पांघरायला नव्हे, कंदील म्हणून.

हे माझ्याच भाषणामुळे झालं. गल्लीच्या बैठकीत मी ठणकावून सांगितलं, की कापड विणून जगलेल्या या शहरानं प्लास्टिकचे कंदील विकत आणावेत ही शरमेची गोष्ट आहे. यंदा कंदील आपल्या हातचे, पोरांचे पोशाख जुन्या कापडाचे, आणि आघाडीचा कंदील सोलापुरी चादरीचा. टाळ्या पडल्या. लोकांनी टांगलेले कंदील खरोखर उतरवले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई बोलतीस. आता कर की."

केलं, अण्णा. फाटक्या टर्किश टॉवेलांची मेंढरं शिवली; पोरं ती अंगात घालून सकाळपासून गल्लीभर बें बें करत फिरतायत. साड्यांच्या काठांचे मोर झाले. कंदिलासाठी मी तुमच्या मागावरची कोरी चादर कपाटातून काढली, कामट्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवली आणि काल दिवेलागणीला सगळ्यांसमोर आतला बल्ब लावला. काळोख. खांबाला गाठोडं टांगल्यासारखं दिसत होतं. समोरच्या अक्का, ज्यांच्या घरी अजून माग चालतात, म्हणाल्या, "ताई, भाषणात उजेड लई हाय. कंदिलात न्हाय की."

सगळे हसले, मीही हसले, आणि मला तुमचा कारखाना आठवला. मी डबा घेऊन आलेय, माग खडखडतायत. तुम्ही मागावरून उतरलेली चादर बल्बसमोर ताणून धरता आणि मला विचारता, "दिसतो का उजेड?" मी नाही म्हणते. "मग झाली चादर." एकदा मी गंमत म्हणून दिसतो म्हटलं, तर तुम्ही जेवण सोडून अख्खी चादर बोटांनी तपासलीत आणि मग म्हणालात, "कापडाबद्दल खोटं बोलायचं न्हाय." एवढंच. आवाजही चढवला नाहीत.

आज सकाळी अंथरूण काढताना खिडकीतलं ऊन तुमच्या पांघरायच्या चादरीतून आरपार आलं. अजून मीच पांघरते ती. जिथं तुमचा खांदा यायचा, गुडघे यायचे, तिथं ती विरून जाळीसारखी झालीय. मी ती तशीच उचलून अक्कांकडे नेली आणि कात्री मागितली.

"ही नको ओ ताई. वडलांची हाय. प्लास्टिकचाच लावू, कोण काय म्हणतंय?"

"मी म्हणेन," असं म्हणून मी कात्री चालवली.

अक्कांच्या आतल्या खोलीत दार लावून बल्ब पेटवला. अण्णा, काय सांगू. वीण घट्ट तिथं नक्षी काळीभोर उभी राहिली, आणि विरलेल्या जागांतून तांबूस उजेड भिंतींवर पसरला. मागोमाग आत घुसलेली मेंढरं भिंतींवरच्या उजेडाला हात लावायला धावली. अक्का पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "आता करा की भाषण." मी कंदील काठीला बांधायला घेतला.

ढोल सुरू झालेत, मेंढरं मला न्यायला दाराशी आलीत. हे पत्र कुठं टाकणार? उशीखाली ठेवते. तिथं तुमची निम्मी चादर घडी करून ठेवलेली आहे. गल्लीत मी सांगितलंय, सगळी लागली.