चंद्राच्या फोटोंचे शनिवार

मंगळवार, ८ ऑक्टोबर

खट् – घर्रर्र. खट् – घर्रर्र.

दाढी करताना आज अचानक कानात वाजला. किती वर्षांनी! छातीवर बसवलेल्या कॅमेऱ्याचा आवाज – आधी पडदा मिटायचा, मग मोटर फिल्म पुढे ओढायची. ह्यूस्टनच्या रणरणत्या उन्हात, वाळू पसरलेल्या मैदानात, चंद्रावर जाणारी माणसं फुगीर पोशाख घालून चालायची आणि मी त्यांना फोटो काढायला शिकवायचो. त्या कॅमेऱ्याला डोळा लावायची सोयच नव्हती. शिरस्त्राणात मान वाकत नाही, तर डोळा लावणार कसा? डोळे विसरा, मी सांगायचो. पोट वळवा. जिकडे पोट, तिकडे फोटो.

सुरुवातीचे सगळे फोटो बिनमुंडक्यांचे. ओले प्रिंट नाकासमोर धरून विचारायचो, सोबत्याचं डोकं कुठाय? त्यातला एक उंच, सुस्त बोलणारा म्हणाला होता, "मास्तर, वजन कमी करा म्हणतात ना वरचे? डोकं इथंच ठेवून जाणार आम्ही."

तोही गेला आता.

बुधवार, ९ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, डाग वाढलाय. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच नाहीसं होतं, कडा तेवढ्या उरतात. हेसुद्धा जाड काळ्या मार्करने लिहितोय, मान तिरकी करून, कोंबड्यासारखी.

संग्रहालयात हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. दर शनिवारी तिथे चंद्रावरचे फोटो मी लोकांना समजावून देतो. भिंत पाठ आहे. दाराजवळ बुटाचा ठसा, मग झेंडा, मग गाडी, शेवटी काळोखात वर येणारी अर्धी पृथ्वी. पावलं मोजायचीही गरज नाही, सवयीने थांबतो.

रात्री रोझलिनचा डॅलसहून फोन. म्हणाली, "डॅडी, तुमचे ते शनिवार नसते ना, तर कधीच उचलून आणलं असतं तुम्हाला." लेक माझी, आईसारखीच स्पष्ट. म्हणजे शनिवार आहेत तोवर हे घर आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

लिडीचे फोटो काढून बसलो होतो. तेव्हा तो कॅमेरा सरावाला घरी आणायचो आणि छातीवर बांधून स्वयंपाकघरात फिरायचो. लिडी कोलाचे, आमचे ते फळं भरलेले गोड पाव, करत असायची. पीठ मळणारे हात, कोपर, एप्रनची गाठ – आणि डोकं एकातही नाही! ती चिडायची. म्हणायची, चंद्रावरच्या दगडांचे फोटो नीट येतात तुझे, बायकोचा तेवढा येत नाही.

आता चांगल्या फोटोंतला तिचा चेहराही मला दिसत नाही. लग्नाच्या फोटोत झग्याच्या वर धुकं आहे. या बिनमुंडक्या फोटोंतून मात्र काहीच गेलेलं नाही. सगळी लिडी जागेवर आहे.

शनिवार, १२ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं.

भिंत रंगवली होती. फोटो पुन्हा लावताना क्रम बदलला. संग्रहालय सांभाळणाऱ्या डेनिस ट्रॅनने मला ईमेल पाठवला होता म्हणे. मी ईमेल वाचणार कसा?

नेहमीच्या जागी उभा राहिलो आणि बुटाच्या ठशाबद्दल बोलू लागलो. तिथे पाणी नाही, वारा नाही. धूळ अशी बारीक, की लिडीच्या पिठाच्या डब्यात अंगठा दाबावा तसा ठसा उठतो. पट्ट्यापट्ट्यांचा, शिडीच्या पायऱ्यांसारखा, प्रत्येक पायरीची कड सुरीने कापल्यासारखी. अंगठा फिरवला तर कड बोटाला लागेल असं वाटतं. पाऊल टाकणारा निघून गेला, पाऊल मात्र तिथेच आहे.

आज बोलायला फार छान वाटत होतं. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "आजोबा, पाऊल कुठाय? मला तर पृथ्वी दिसतेय."

मला वाटलं, थट्टा करतोय. म्हणालो, नीट बघा, कडा बघा.

कुणी हसलं नाही, तेव्हा कळलं. डेनिसचा हात माझ्या कोपरावर आला.

रविवार, १३ ऑक्टोबर

चर्चला गेलो नाही. देवाला ठाऊक आहेच.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

डेनिस आली होती. गरम सूप आणलं होतं आईच्या हातचं. बराच वेळ सुपाबद्दलच बोलली. मग म्हणाली, "मिस्टर अल्विन, थोडी विश्रांती घ्या." नवा माणूस ठेवलाय, शनिवारपासून तो बोलेल. सांगताना रडली. मीच तिला रुमाल दिला.

रोझलिनलाही कळवलं मी. लपवून काय करू? येत्या शनिवारी ट्रक घेऊन येतेय.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

खोकी भरतोय. चौथीत मिस कोवार कविता पाठ करून घ्यायच्या, बुटाने फळीवर ठेका धरून. त्यातल्या दोन ओळी सकाळपासून तोंडात आहेत –

चंद्र म्हणाला विहिरीला,
परत दे माझा चेहरा मला.

पुढचं आठवत नाही. विहिरीने दिला की नाही कोण जाणे. लिडीचे फोटो खोक्यात घातले नाहीत. मांडीवर धरून नेईन.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दुपारी घंटा वाजली. वाटलं, रोझलिन लवकर पोचली.

दारात कुणी अनोळखी बाई. मला तिच्या कडा तेवढ्या दिसल्या – कॅनव्हासचे बूट, लांब स्कर्ट, हातात पांढरी काठी.

"मिस्टर अल्विन कुबेना का? जरा काहीतरी बोला, म्हणजे खात्री पटेल."

बोला म्हटल्यावर काय बोलावं! कोण हवंय, एवढंच विचारलं. तिचा जीव भांड्यात पडला. पत्ता डेनिसने दिला म्हणाली. गेल्या शनिवारी ती त्या गर्दीत होती. आजही गेली होती, पण नवा माणूस नुसता "हे बघा, ते बघा" करतो. जन्मापासून दिसत नाही तिला. बुटाचा तो ठसा हा तिने आयुष्यात पाहिलेला पहिला फोटो.

खोटं बोलवेना. म्हणालो, "बाई, तेव्हा मी पृथ्वीच्या फोटोपुढे उभा होतो."

तिने काठीने उंबरा चाचपला.

"म्हणजे पृथ्वी बघायची राहिलीय की. आत येऊ?"