घोट्याचा दोरा

खामसिंगदादास,

हे पत्र मेकाँग नदीत सोडायचं नाही, असं काकूनं बजावलंय. मेलेल्याला हाक मारू नये म्हणते. हाक तर तिनंच मारली.

अर्धांगाच्या झटक्यानंतर माझा डावा पाय नुसता लोंबत होता. दवाखान्यातली नोई रोज व्यायाम करून घ्यायला यायची, पंजाला फडकं अडकवायची. "मावशी, टाच टेकवा, पंजा वर ओढा. पाय रुसलाय का तुमच्यावर?" तो ढिम्म हलेना. मग काकूनं अंगातून गेलेला जीव परत बोलावायला पूजा मांडली, घोट्याला पांढरा दोरा बांधला. ज्याचा जीव बोलवायचा त्याचा सदरा ताटात ठेवतात; माझा ठेवायचा, तर तिच्या अधू डोळ्यांना पेटीतला तुझा सापडला.

दुसऱ्या दिवशी पंजा वर आला. नोई खूश झाली. पण भाताची वाट बघताना तू जमिनीवर पाय आपटायचास, तसाच तो आता आपटतो. चालायला उठले की घाटाकडे वळतो, तू बुडालास तिकडे.

"छान चालताय," नोई म्हणते, "अडवू नका त्याला."

दोरा तोडला तर पाय पुन्हा लोंबेल, म्हणून तोडवत नाही. उजवा अजून माझा आहे दादा, म्हणून काल शेवटच्या पायरीवर थांबता आलं.

तुझी धाकटी,
मालीवान