दारातून न जाणारं कपाट

९ मार्च

दादा,

सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, फार मनावर घेऊ नकोस. आम्ही इकडे ठीक. बाबांची तब्येत बरी आहे. मी अजून दवाखान्याच्या काउंटरवरच आहे, लोकांना नंबर देते आणि त्यांची बोलणी खाते.

पत्र अशासाठी, की फोनवर तू सापडत नाहीस आणि मेसेजला तुझ्या वतीने तुझं ते यंत्र उत्तर देतं. परवा मी लिहिलं, ‘बाबांशी एकदा बोल.’ लगेच उत्तर: ‘आपल्या भावना पोहोचल्या. लवकरच संपर्क साधू.’ सख्खा भाऊ मला अहो-जाहो करायला लागला! हे पाकीट तरी तुला स्वतः फोडावं लागेल.

आता कपाटाचं. तुझ्या कंपनीच्या प्रदर्शनात ते ठेवायचं म्हणतोस. जुन्या लोकांनी संगणकाची काय स्वप्नं पाहिली होती आणि आज आपण कुठे आलो, हे दाखवायला. म्हणजे शेजारी एक मोबाइल ठेवायचा, खाली पाटी लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने खिदळायचं. ‘तसंही अडगळच आहे ना’ असं तू लिहिलंस. अडगळ? तुझी जीभ कशी रेटली रे?

ते चित्र कोणाचं होतं? शाळेत असताना मासिकाच्या स्पर्धेला ‘उद्याचं घर’ काढून पाठवलंस, ते छापून आलं आणि बाबा हुरळून गेले. त्यात संगणकाचं कपाट: भिंतभर पडदा, माहितीच्या फितींसाठी खण, कागदाची गुंडाळी बाहेर यायला फट, टेलिफोनचा कोनाडा. आणि समोर दोघांचं बाकडं. एकाने यंत्राला प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने उत्तरं उतरवून घ्यायची, असं तू बाबांना समजावलं होतंस. यंत्राचा अजून पत्ता नाही आणि बाबांनी पुढच्या खोलीत बसून कपाट करायला घेतलं. आख्ख्या गावाची दारं-खिडक्या करणारा सुतार, पण पोराच्या कौतुकात आपल्याच दाराचं माप घ्यायला विसरला! आई शेवटपर्यंत त्यावरून त्यांना टोचत होती.

पुढे खरा संगणक आला तो त्या कपाटात कुठल्या कुठे हरवला. आता तर सगळं तळहातावर आलंय. फितींच्या खणात आम्ही पांघरुणं ठेवत आलो. तुझं सगळं भविष्य चुकलं म्हणून माझी तक्रार नाही. पण त्या चित्रात माणसं शेजारी शेजारी बसली होती, आणि तेवढंच तू साफ विसरलास. बाकड्यावर बाबा परवापरवापर्यंत एका कडेला सरकून बसायचे. मी बसायला गेले की म्हणायचे, ‘तिकडे नको, ती शास्त्रज्ञाची जागा.’ म्हणजे तुझी.

तू पाठवलेले दोघे येऊन गेले. भिंतीवर लाल ठिपका पाडून मापं घेतली आणि म्हणाले, मधोमध कापून नेऊ, तिकडे जोडू, फट दिसणारसुद्धा नाही. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, सरळ बाहेर काढलं. बाबांनी आतून ऐकलं होतं. ‘त्याला हवंय का ते?’ मी रागातच होते. म्हटलं, ‘हो, पाहिजे म्हणे साहेबांना.’

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर खोलीभर फळ्या. कापावं लागू नये म्हणून बाबांनी एकट्याने कपाट उकललं होतं. एक खिळा नाही त्यात, सगळे जोड लाकडाच्या खाचेत लाकडाचं कुसू बसवून केलेले. घामाने निथळत होते आणि चेहरा असा, की गेल्या कित्येक वर्षांत मी पाहिला नव्हता. म्हणाले, ‘आता जाईल बघ दारातून. एकदा जुळवून बघतो, म्हणजे तिकडे त्याची फजिती नको.’

आणि त्यांना ते जुळवता आलं नाही.

बाबांची तब्येत बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं आहे. कधी माझं नाव विसरतात, कधी जेवलोय की नाही ते. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. तुला कळवायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती, आणि तुझ्या त्या यंत्राला कळवायची माझी इच्छा नव्हती. पण त्यांच्या हाताला सवय असलेलं काम तरी लक्षात राहील असं मला वाटत होतं. एकेक फळी उचलायचे, दुसरीला लावून बघायचे, खाली ठेवायचे. मी मदतीला गेले तर माझ्यावर ओरडले. मग बाकड्याच्या नुसत्या फळीवर बसून ढसाढसा रडले. बाबांना रडताना तू पाहिलं आहेस? मी नव्हतं पाहिलं.

फळ्या अजून तशाच आहेत, त्यांच्यामधून वाट काढत आम्ही वावरतो. रोज सकाळी बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून तिथे बसतात. काल म्हणाले, ‘शास्त्रज्ञाला बोलाव. चित्र त्याचं आहे, त्याला बरोबर माहीत असणार.’

मी म्हटलं, ‘त्याला वेळ नसतो, बाबा.’

तर मलाच हसले. ‘वेडी का तू? संगणक आला ना आता घरोघर? दुपारपर्यंत सगळी कामं उरकतात, मग माणूस मोकळाच. त्यानेच सांगितलंय मला.’

यावर काय सांगायचं ते तू येऊन सांग. ट्रक पाठवलास तर रिकामा परत पाठवीन.

बाबांची मुलगी